ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं

"हे नोटपॅडमध्ये केलंय?" सरांनी विचारलं आणि माझी स्क्रीन भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर टाकली.

वर्गात वीसेक जण होते. सगळ्यांना दिसलं. पांढरं पान, काळी अक्षरं. वर आमच्या चाळीचं नाव, खाली खोलीवार नावांची यादी. रंग नाही, फोटो नाही. माझं पहिलं वेबपेज. आठ दिवस खपून, एकेक टोकदार कंस उघडून-मिटवून लिहिलेलं.

"ताई, आता कोण करतं असं? पाटी-पेन्सिल झालं हे," सर म्हणाले. "कोडिंग वगैरे तुमच्या बस की बात नाही. हे घ्या. रेडीमेड. खेचायचं, सोडायचं, झालं. तुमच्यासारख्यांसाठीच बनवलंय."

वर्ग हसला. मीही हसले. ते माझं हसू मला आजही टोचतं. पोरगा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण सर. तुमच्यासारख्या म्हणजे कशा, हे विचारायला तोंड उघडलं नाही.

वर्ग फुकट होता. आमची लालबागची चाळ ज्या बिल्डरने रिडेव्हलपमेंटला घेतली, त्याच्याच ट्रस्टने तो भरवलेला. लोअर परळला, काचेच्या इमारतीत, बाराव्या मजल्यावर. तिथे पूर्वी मिल होती. माझे बाबा त्या मिलमध्ये साच्यावर होते, कापड विणायचे. ते मोठ्या गेटने कामाला जायचे. मला मागच्या गेटने घेत, सामानाच्या लिफ्टने वर नेत.

मी दादरला एका छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका टाईप करते. पण चाळीत माझी ओळख वेगळी आहे. आमच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार, कोण गेलं, आरती किती वाजता, सगळं त्यावर. लिहिणाऱ्याने खाली आपला खोली नंबर टाकायचा. नियम एकच, आणि तो बाबांनी घालून दिलेला. ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. दुसऱ्याने हात लावला तर चाळभर भांडण. बाबा गेले आणि खडू माझ्याकडे आला. बाईमाणूस फळा लिहिणार म्हणून दोन म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण अक्षर बघून गप्प बसले.

आता चाळीतली अर्धी माणसं पांगली आहेत. कोणी विरारला, कोणी बदलापूरला, कोणी कोकणात गावी. त्यांना फळा कसा दिसणार? म्हणून माने काका, आमच्या कमिटीचे अध्यक्ष, मला म्हणाले, "फळा मोबाईलवर आण बघू." जुन्या भाडेकरूंची यादी त्यावर लावायची. ज्याने त्याने आपलं नाव तपासायचं. मग सभेत त्याच यादीवर सह्या करून ती बिल्डरला द्यायची. यादीत नाव असेल तर नव्या इमारतीत घर. नसेल तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवा.

नोटपॅड मी काही विचार करून निवडलं नव्हतं. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर दुसरं काही चालतच नव्हतं. पण लिहिलेलं सेव्ह केलं, फाईल उघडली आणि 'खोली ४१' पुढे बाबांचं नाव उभं राहिलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. मी लिहिलं होतं तेवढंच दिसत होतं. ना एक अक्षर जास्त, ना एक कमी.

ते मी टाकून दिलं. लाजेने. फाईल पेन ड्राईव्हमध्ये, पेन ड्राईव्ह पर्सच्या तळाशी. सरांनी रेडीमेडवर खातं उघडून दिलं, ट्रस्टच्या नावाने. "पासवर्ड आमच्याकडेच राहू दे ताई, तुम्ही विसराल." मी मान डोलावली. शिकलेली माणसं फुकट शिकवतायत, वर त्यांच्यावर संशय कसा घ्यायचा?

पेज देखणं झालं. गुलाबी पट्टी, फुलांचा फोटो. चाळीने कौतुक केलं. मीही आरशात बघावं तसं दिवसातून दहादा उघडून बघायची.

म्हणूनच मला दिसलं. आधी फुलं गेली आणि एका टॉवरचा फोटो आला. मला वाटलं, माझाच हात कुठे लागला असेल. चार दिवसांनी 'भाडेकरू' जाऊन तिथे 'इच्छुक रहिवासी' आलं. मी हा शब्द कधी लिहिला? आठवेना. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा हसले असते. यादी मात्र खालपर्यंत तपासली नाही, ही माझी चूक. ती मी नाकारत नाही.

मग एका सकाळी दुकानात असताना आत्याचा फोन आला. बाबांची बहीण, खोली ३७, सध्या मालवणला असते.

"बाय, माजां नाव खंय गेलां गो?"

मी पेज उघडलं. ३६ नंतर थेट ३८. खाली गेले. आणखी गाळलेल्या जागा. नऊ खोल्या नव्हत्या. नऊच्या नऊ जणांनी बिल्डरच्या संमतीपत्रावर अजून सही केलेली नव्हती.

संध्याकाळी जिन्याखाली सगळे जमले होते. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. माने काका फळ्याकडे बघत म्हणाले, "ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. नियम तुझ्या बापाचा. मग ही नावं पुसली कोणी?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कोणाला पटणार? पेज माझं. हात माझा. चाळीच्या लेखी मी विकली गेले होते. शेजारणीने त्या दिवशी माझ्या तोंडावर दार लावलं. चाळीत निजेपर्यंत कोणी दार लावत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाराव्या मजल्यावर गेले. पासवर्ड मागितला.

"ताई, टेक्निकल आहे. तुम्हाला कळणार नाही," सर म्हणाले. "तुमच्याकडूनच काही दाबलं गेलं असेल." मग टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला. आधीच टाईप केलेला. यादी भरताना माझ्याकडून चूक झाली, ती दुरुस्त करून ही अंतिम यादी तयार केली आहे. खाली सहीची जागा. "एवढं करा. विषय संपला."

मी कागद दोनदा वाचला. टायपिंग करणारी बाई आहे मी, दुसऱ्याचे कागद वाचायची सवय आहे. मला तेव्हा कळलं की रेडीमेड फक्त पेज नव्हतं. गुन्हेगारही रेडीमेड होता. तुमच्यासारख्यांपैकीच एक, मी.

"मी पुसलेलं नाही," मी म्हटलं. "जे मी पुसलं नाही, त्याच्याखाली माझी सही येणार नाही."

सर या वेळी हसले नाहीत. अगदी हळू बोलले. "सभा रविवारी आहे ना, ताई? शांतपणे विचार करा. तुमची खोलीही यादीतच आहे."

मी उठले. मोठ्या लिफ्टने खाली आले. वॉचमन म्हणाला, "मागून जायचं." मी मोठ्या गेटने बाहेर पडले. थांबले नाही.

दुकानात पेन ड्राईव्ह लावला. पाटी-पेन्सिल जशीच्या तशी होती. सगळ्या खोल्या, नऊही. पेज इंटरनेटवर टाकायला जागा लागते, ती कमिटीच्या नावावर घेतली आणि तेच पांढरं पान तिथे चढवलं. पासवर्ड तिघांकडे. एक मी. एक आत्या, तिने कागदावर लिहून देव्हाऱ्यात ठेवलाय. एक माने काका. त्यांनी चिठ्ठी घेतली, खिशात घातली आणि माझ्याकडे न बघता गेले. त्यांचा विश्वास अजून बसलेला नाही. तो बसेल असं मी धरूनही चाललेली नाही. ट्रस्टचं पेजही अजून चालू आहे, गुलाबी पट्टीसकट, आणि बिल्डर त्यालाच खरी यादी म्हणतो.

काल मी फळ्यावर ती नऊ नावं लिहिली. ठळक, खोली नंबरासह.

आज सकाळी ट्रस्टचं पेज उघडलं. ४० नंतर थेट ४२.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? घरात आई आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. मग खाली गेले आणि नऊ नावांखाली दहावं लिहिलं. बाबांचं. त्याच्याखाली लिहिणारीचा नंबर, ४१.

उद्या सभा आहे. त्यांचा माणूस रंगीत प्रिंट घेऊन येणार, असं ऐकते. मी माझं पांढरं पान घेऊन जाणार आहे, आणि सही त्याच्यावरच करणार आहे, एकटीने करावी लागली तरी. आणि या फळ्यावरची नावं ज्याला पुसायची असतील, त्याने दिवसाढवळ्या जिन्याखाली यावं. मी फळ्यासमोर उभी असेन.