मांडववाल्याच्या घरात विकतची खुर्ची

प्लास्टिकची खुर्ची ज्यानं शोधून काढली त्याला धरून आणावं आणि त्याच खुर्चीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवावं, फक्त जेवायला उठू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. लग्नात दोन घास खाऊन उठणाऱ्याला ती बरी. तिच्यात दिवसभर बसून काम करून पोट भरायचं म्हटलं की तासाभरात कंबर बोंब मारते, मांड्यांना घाम फुटतो, आणि जरा मागं रेललं की मागचे पाय फाकतात. पडलो तर पडलो, कोण विचारतंय!

आणि आमच्या घरात अशा शेकड्यानं होत्या. माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, पंचवटीत मांडवाचा धंदा. खाली गोडाऊन, वर आम्ही. गोडाऊनमध्ये खुर्च्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या, शेजारी कनाती, पातेली, गालिचे. लग्नसराईत पहाटेपासून खुर्च्या टेम्पोत फेकल्याचा जो आवाज यायचा, तो ऐकतच मी लहानाची मोठी झाले.

नवऱ्याचं घर सोडून मी इथं परत आले त्याला दोन दिवाळ्या झाल्या होत्या. का सोडलं ते उगाळत बसत नाही. मारझोड नव्हती, मला माणसात धरत नव्हते, एवढं पुरे. आल्यावर महिन्याभरात मी काम शोधलं. एका विमा कंपनीसाठी हॉस्पिटलची बिलं तपासायची, घरी बसून, कॉम्प्युटरवर. डोळे फुटेस्तोवर वाचायचं. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडलं आणि गोडाऊनमधली एक खुर्ची वर आणली. वर्ष-दीड वर्षात माझी अवस्था अशी झाली की खाली पडलेला रुमाल उचलायचा तर मी आधी भिंत शोधायची. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नंतर, आधी खुर्ची बदला.

मी जेवताना तसं सांगितलं. नानांचा घास हातातच राहिला.

"खुर्ची? विकत?" ते म्हणाले. "अगं, अख्ख्या नाशकाला मी खुर्च्या देतो. आणि माझ्या घरात खुर्ची विकत आणायची? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

नाना मूळचे देवळा तालुक्याकडचे. रागावले की त्यांची बोली गावाला जाते. "काय नाय व्हत तुझ्या कमरेला. आमच्या आया दिवसदिवस वाकून कांदे लावत्यात, त्यांच्या कमरा कधी मोडल्या नाय!"

त्यांच्या कमरा मोडल्याच होत्या. माझी आजी शेवटची कित्येक वर्षं काटकोनात चालायची, हे त्यांनी पाहिलेलं, मीही पाहिलेलं. पण नानांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लग्नाच्या हॉलमधली गादीवाली खुर्ची पाठवली, सॅटिनचं कव्हर, मागं मोठा बो. तिची पाठ सरळसोट, काठी गिळल्यासारखी. ती नको म्हटलं तर त्यांनी कहर केला. दोन गड्यांच्या डोक्यावर देऊन नवरा-नवरीचं सिंहासन वर चढवलं. लाल मखमल, हातांवर सोनेरी सिंह. "आता याच्यापेक्षा भारी नाय माझ्याकडं," म्हणाले.

मी हट्टानं त्यात बसून आठवडा काढला. पाय जमिनीला टेकत नव्हते, खाली पाट घेतला होता. सोमवारी सगळ्यांची व्हिडिओवर मीटिंग. साहेब म्हणाले, "मॅडम, आज लग्न आहे का घरी?" सगळे फिदीफिदी हसले. नवरा सोडून आलेली बाई नवरीच्या सिंहासनात बसून लोकांच्या मूतखड्याची बिलं तपासतेय, हे त्यांना कुठं ठाऊक होतं! मला मात्र इतकी चीड आली की त्या सिंहांची तोंडं ठेचावीशी वाटली.

खरी गोम आईनं सांगितली. भाजी निवडताना, माझ्याकडं न बघता.

"कशाला उगीच जड सामान करतेस, बाई? चार दिवसांसाठी आलीस. जाशील तेव्हा ते कोण वाहणार?"

म्हणजे असं होतं. दोन वर्षं झाली तरी घरात मी चार दिवसांची होते. म्हणून मला कपाट नव्हतं, बॅग होती. खाट नव्हती, गादी होती, सकाळी गुंडाळून ठेवायची. माझ्यासाठी या घरात जे काही यायचं ते उचलून नेता येईल असं. खुर्ची आली की मी कायमची राहिले, हे नानांना माझ्याआधी कळलं होतं. मग तर मला ती हवीच होती. कमरेसाठीही, आणि त्यांच्या नाकावर टिच्चून राहण्यासाठीही.

खुर्ची घेणं हा काय प्रकार असतो ते मला त्या पंधरवड्यात कळलं. कॉलेज रोडच्या शोरूममधला तो गुळगुळीत पोरगा पहिलंच वाक्य बोलला, "साहेबांसाठी बघताय का?" म्हटलं, साहेब इथंच उभ्या आहेत. तर त्यानं लगेच गुलाबी रंगाची दाखवली, "लेडीजमध्ये हीच चालते मॅडम." मग एक बॉस चेअर दाखवली, फुगलेली, काळी, तिच्यात बसलं की माणूस आपोआप कुणाला तरी कामावरून काढून टाकेल. बसले तर कंबर मागं टेकेना, पाय लोंबायला लागले. किंमत ऐकून मी उठले.

दुसरा दुकानदार दहा मिनिटं बसू देईना. "ताई, बसून बसून कापड खराब होतं," म्हणाला. अरे बाबा, खुर्ची आहे ना ती? का देवळात ठेवायचीये? मी म्हटलं, मला रोज दिवसभर बसायचंय, अर्धा तास इथं बसले तर तुझं काय जातं? त्याचं खूप काही जात होतं, असं त्याच्या तोंडावरून दिसलं.

अशा अपमानातूनच मी शिकले. पाय सपाट जमिनीवर टेकले पाहिजेत. बैठकीची कड गुडघ्यामागं रुतता कामा नये. पाठीचा फुगवटा कमरेच्या खळग्यातच आला पाहिजे, वर नाही नि खाली नाही. कोपर टेबलाच्या उंचीला टेकलं पाहिजे, नाहीतर खांदे कानाला लागतात. बाकी डोक्याची उशी, चकचकीत पाय, ते सगळं दुकानदाराच्या पोटासाठी.

शेवटी द्वारका चौकाजवळ जुन्या ऑफिसचं सामान विकणारा एक सापडला. तोंडात गुटखा, बोलणं त्याहून घाण. मी लॅपटॉप घेऊनच गेले, कोपऱ्यातली काळी जाळीची एक खुर्ची ओढली आणि तिथंच कामाला लागले. तासानं तो म्हणाला, "काय बाई, भाड्यानं घेतलीय का?" मी म्हटलं, दुखायला लागलं तर उठते. दुखलं नाही. खुर्चीच्या एका हाताला तडा होता, तो दाखवून भाव पाडला आणि माझ्या पगारातून ती घेतली.

रिक्षा-टेम्पोतून ती घरी आली तेव्हा नाना दारातच उभे होते. त्यांनी ती बोटानं ढकलून पाहिली. चाकांवर ती गोडाऊनभर गेली.

"हिला चाकं कशाला? पळून जायला सोपं?"

पळून आलेच होते. मी खुर्ची उचलून वर नेली. जिना अरुंद, कुणी हात लावला नाही.

पुढचे दोन-तीन महिने कंबर शांत होती आणि घर धुमसत होतं. मग एके दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले, तर टेबलापुढं भुई मोकळी.

"नानांनी नेली," आई म्हणाली. "मखमलाबादच्या हॉलवर साखरपुडा आहे. मुलाच्या आजोबांचं कमरेचं ऑपरेशन झालंय, त्यांना चांगली खुर्ची हवी. एका दिवसानं काय बिघडतंय?"

त्यांच्या कमरेला चांगली खुर्ची हवी! आणि मला? मी ऑफिसला अर्धी रजा कळवली, शेजारच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याला उठवलं आणि त्याच्याबरोबर सरळ हॉलवर गेले.

पाहुणे अजून यायचे होते. पहिल्या रांगेत माझी खुर्ची मी चाकांवरून ओळखली. अंगावर पांढरं सॅटिन, मागं तोच बो. मी बो ओढला, कव्हर सोललं आणि खुर्ची दाराकडं वळवली. दाराशी नाना उभे होते, मुलीच्या आईबरोबर. साखरपुड्याच्या दिवशीच लग्नाचा मांडव ठरवत होते. मोबाइल तिच्यापुढं धरला होता.

"हा बघा, हा माझ्या स्वतःच्या पोरीच्या लग्नातला. असा मांडव नाशकात दुसरा पडला नाय. पोरगी दुबईला असती, जावई मोठ्या कंपनीत. सोन्यासारखा संसार."

"मग आम्हाला हाच घाला," बाई म्हणाल्या. "ज्या मांडवात पोरीचं भलं झालं तोच बरा. आमचीपण अशीच सुखात राहू दे."

दुबई! मला हसावं का रडावं ते कळेना. दोन वर्षं मी त्यांच्या डोक्यावर मागच्या खोलीत बसलेली, आणि खाली गिऱ्हाइकांना मी दुबईत. माझ्या मोडक्या लग्नावर ते लोकांची लग्नं घेत होते.

"नाना, खुर्ची नेतेय माझी," मी म्हटलं.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केस ओले, अंगात घरातला ड्रेस, पायात स्लीपर. "ह्या कोण?"

नानांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "आपल्याकडं कामाला आहे."

बापानं म्हटलं हे. माझ्या बापानं, माझ्या तोंडावर. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, इतका राग आला.

"कामाला नाही," मी बाईंना म्हटलं. "तुम्ही बघताय ना त्या फोटोत नटून बसलेली, ती मी. दुबईला कुणी गेलेलं नाही. नवरा इथंच नाशकात, सातपूरला आहे, त्याच्या घरी. मी दोन वर्षांपासून इथं आहे, या बापाच्या घरी. आणि परत जाणार नाही."

बाईंनी मोबाइलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला. मग नानांवर अशा उखडल्या की विचारू नका. आमच्या पोरीला मोडलेल्या लग्नाचा मांडव घालत होतात? शुभकार्यात असलं खोटं? ते काम गेलंच. मी खुर्ची टेम्पोत चढवली. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. लय बरं वाटलं.

संध्याकाळी नाना घरी आले ते ओरडतच. "धंद्याची माती केलीस! उद्या पंचवटीभर होईल. लोक पोरीचं नशीब बघून मांडव घेत्यात, कळतं का तुला?"

"मला कामवाली म्हणालात."

"मग काय सांगू? नवऱ्याला टाकून आली म्हणून सांगू?"

"हळू बोला हो," आई मधे पडली, "शेजारी ऐकतात."

"ऐकू दे," मी म्हटलं. "नाना, एकदाच विचारते. मी इथं राहू की नको? नको म्हणालात तर उद्या खोली बघते. पण राहिले तर लपून राहणार नाही."

ते धपकन भिंतीशी खाली बसले. एवढे मोठे हॉल सजवणारा माणूस, जमिनीवर. टोपी काढून हातात फिरवू लागले.

"राहा की," म्हणाले. "तुला जा म्हणलो का मी कधी? पण कोणी विचारलं तर काय सांगायचं मी? ते सांग."

प्रश्न खरा होता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. म्हणून मला आणखीच राग आला.

"सांगा, माझी पोरगी आहे. इथंच राहते."

"माझी पोरगी आहे, इथंच राहते," ते पुटपुटले, कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून.

"पुन्हा म्हणा."

"अगं, म्हणलो ना!"

"ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणा."

आईनं माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. नानांनी मान वर केली आणि खिडकी दणाणेल अशा आवाजात ओरडले, "माझी पोरगी आहे! इथंच राहते! झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा."

तिसऱ्या वेळी ते "माझी पोरगी" एवढंच म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. पुढचं त्यांना बोलता येईना. आई त्यांच्याकडं धावली. मी जागची हलले नाही. 'इथंच राहते' हे पुढचे दोन शब्द ऐकायचे होते मला, म्हणून तिथंच उभी राहिले.