बांधाअलीकडची येळवस

लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला मी सासऱ्यांच्या वैऱ्याच्या शेतात बसून पोटभर जेवलो.

आमचं घर नांदेडचं, तीन पिढ्या मास्तरकीची. शेत आम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. लातूरकडं मात्र या वेळा अमावस्येला गावंच्या गावं रानात जातात. कडब्याची कोपी उभी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. बायको आदल्या दिवशीच माहेरी गेलेली. मी चाकूरला उतरून विचारत विचारत बांधाला लागलो.

"जावईबापू, या की," एका फेटेवाल्यानं हाक मारली. नाक हुबेहूब सासऱ्यांचं. सासरचंच रान समजून मी लगेच पाया पडलो. त्यानं घोंगडी झटकून अंथरली, तुरीच्या ओल्या दाण्यांची भज्जी, उंडे, आंबील स्वतःच्या हातानं वाढलं. चार माणसं बोलावून मला दाखवलं. माझे फोटो काढले. मी घास तोंडाशी धरून थांबलोसुद्धा, उजेड नीट यावा म्हणून.

ढेकर देऊन विचारलं, "मामा कुठं दिसंनात?"

"ते काय," त्यानं बांधापलीकडं बोट केलं. "मघापासून तुमचं जेवण बघायलेत."

हा सासऱ्यांचा सख्खा भाऊ. सामायिक विहीर त्यानं लबाडीनं स्वतःच्या नावावर केली, तेव्हापासून सासरे चारचौघांत सांगत आलेले, माझ्या घरचं माणूस त्याच्या अन्नाला शिवणार न्हाई. त्या शब्दापायी सासूबाई जावेच्या तेराव्यालाही गेल्या नव्हत्या. तो शब्द मी दोन वाडगे आंबिलीबरोबर पिऊन बसलो होतो.

बांध ओलांडून गेलो, तर सगळे माझ्यासाठी उपाशी थांबलेले. फोटो माझ्याआधी पोचला होता. सासऱ्यांच्या मांडीवरचा फोन वाजायचा थांबत नव्हता. त्यांनी तो पालथा ठेवला. माझ्यापुढं पत्रावळ मांडली आणि वाढायला लागले.

"मामा, बास."

ते वाढत राहिले. मी खात राहिलो, आणि शेवटी उठून बांधाच्या कडेला जाऊन भडाभडा ओकलो. चुलतसासऱ्यांच्या कोपीतून हसण्याचा आवाज आला.

परत येतो तर नवी पत्रावळ मांडलेली. मी बायकोकडं पाहिलं. ती चुलीकडं पाहत होती.

सासरे तिला म्हणाले, "आपला बैल दावं तोडून सुटला तरी आपल्याच रानात येतो. तुझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो म्हणं."