डबा रिकामा देऊ नये

वाघोलीच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात नव्या वर्गावरचा पहिला तास प्रा. उल्का बेहेरे घेतात, आणि त्या तासाला त्या पुस्तक नेत नाहीत, स्टीलचा डबा नेतात. तीन पुडांचा, कडीचा, एका बाजूने चेपलेला. तो टेबलावर ठेवून विचारतात, "असे डबे आपण रोज भरून लोकांना देतो. फुकट. लोक जेवतात, पण डबा परत आणत नाहीत. का?" मुलं हुशार असतात. कोणी म्हणतं डिपॉझिट घ्या, कोणी म्हणतं क्यूआर कोड चिकटवा. मागच्या वर्षी अपेक्षा नावाच्या मुलीने तर बसल्या बसल्या अख्ख्या ॲपचा आराखडा मांडला. मॅडम सगळं ऐकून "छान" म्हणतात. ते "छान" पुण्यातलं असल्यामुळे ते कौतुक आहे की काय, हे कळायला मुलांना एक सेमिस्टर लागतं.

खरं तर मुलांना हसायचा मॅडमना काही हक्क नाही. असल्याच अकला त्यांनी स्वतः लढवून पाहिल्या होत्या आणि चांगल्या तोंडावर आपटल्या होत्या.

मास्तरकी हा उल्काताईंचा तिसरा जन्म. पहिल्या जन्मी त्या जिरा सोडा विकणाऱ्या कंपनीत होत्या. सोडा खपवणं सोपं, खरं काम काचेच्या रिकाम्या बाटल्या परत आणण्याचं. दुकानदार त्या बाटल्यांत फिनेल भरून ठेवत, एकाने तर ओळीने मनीप्लँट लावले होते. उल्काताईंनी एकच नियम घातला: रिकामा क्रेट आणा, भरलेला न्या. ओळख चालणार नाही, रडगाणं चालणार नाही. महिन्याभरात स्वारगेटपासून नगर रस्त्यापर्यंतचे दुकानदार त्यांची गाडी दिसली की आधी बाटल्या गोळा करायला धावू लागले. बाई चढत चढत विक्रीप्रमुख झाल्या. आणि मग एका सकाळी, चहा पिता पिता, नवऱ्याला म्हणाल्या, "केदार, लोकांना ढेकर आणण्यात निम्मं आयुष्य गेलं. आता कोणाची तरी भूक भागवावी म्हणते."

केदार म्हणाला, "भागव. फक्त घरात नियम लावू नकोस."

दुसरा जन्म स्वारगेटजवळच्या एका गल्लीत सुरू झाला. तिथली एक संस्था सरकारी दवाखान्यात पेशंटपाशी राहणाऱ्या गावाकडच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे देत असे. उल्काताई तिच्या संचालक झाल्या. अध्यक्ष श्रीनिवासराव बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे आणि त्यातलं निम्मं टोचणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मोकळ्या फळ्या दाखवल्या. "हे आपलं भांडार. डबे पुष्कळ आहेत हो, पण सगळे लोकांकडे सुखरूप आहेत." डबेच नसतील तर जेवण भरणार कशात? आणि दर वर्षी नवे डबे देणारा दाता कुठून आणायचा? "दसऱ्यापर्यंत पाहू," श्रीनिवासराव म्हणाले. "नाही जमलं तर स्वयंपाकघराला कुलूप. मी घरूनच घेऊन येईन."

उल्काताई मनातल्या मनात खूश झाल्या. रिकामं परत आणणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी दारावर पाटी लावली: रिकामा डबा आणा, भरलेला न्या.

आठवड्यात रांग आटली. डबे तर आले नाहीतच, माणसंही येईनाशी झाली. पातेलंभर आमटी उरू लागली आणि पलीकडे दवाखान्यात लोक बिस्किटांवर दिवस काढू लागले. हे कळल्यावर उल्काताई भरल्या ताटावरून उठल्या. त्या तडक वॉर्डात गेल्या. तिथे शिरूरकडची मुक्ताई भेटली. तिचे मालक, रंगराव, ट्रॅक्टरवरून पडून पाय मोडून घेऊन पडले होते. त्यांच्या कॉटखाली संस्थेचा डबा होता. घासूनपुसून लखलखीत, धुतलेल्या फडक्यात बांधलेला. आणि मुक्ताई चहात बिस्किट बुडवत होती.

"मुक्ताई, डबा तर घासून ठेवलाय. मग आणून का देत नाही? लगेच दुसरा भरून मिळेल."

मुक्ताईने पदर सारखा केला, दुसरीकडे पाहिलं. "देते की बाई. उंद्या देते."

उल्काताई घरी निघाल्या त्या फणफणतच. चांगुलपणाची लोकांना किंमत नाही, नियम पाळायला नको, सगळं जग असलंच. जिना चढताना शेजारच्या कुमुदकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी श्रावणात अळूची भाजी दिली होती, पातेल्यासकट.

"उल्का, माझं पातेलं बरं आहे ना गं? रुळलं तुमच्याकडे?"

"अहो काकू, देते ना. उद्या नक्की देते."

असं म्हणून त्यांनी कुलपाला किल्ली लावली आणि हात तिथेच थांबला. हेच उत्तर त्यांनी तासाभरापूर्वी ऐकलं होतं. पातेलं तर त्याच दिवशी घासून फळीवर ठेवलेलं होतं. मग दिलं का नव्हतं? कारण नारळाच्या वड्या करून त्यात घालायच्या होत्या, आणि वड्यांना सवड होत नव्हती. कोणी भरून दिलेलं भांडं रिकामं कसं परत करायचं? आईने लहानपणापासून बजावलेलं. दुकानदार रिकामी बाटली बेलाशक देतो, कारण तो व्यवहार असतो. आपण डबा देताना लोकांच्या घरी घास धाडला आणि परत घेताना सोड्याचं दुकान मांडलं. उल्काताईंना स्वतःची लाज वाटली आणि पाठोपाठ हसू आलं, ते काकूंनाही ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कॉटपाशी. "मुक्ताई, रिकामा कसा द्यायचा म्हणून ठेवलाय ना?"

"मग वो बाई! तुमी रोज भरून द्यायचा आन आमी मोकळा आणून आपटायचा व्हय? गावाकडं असते तर मूठभर शेंगा तरी घातल्या असत्या. हितं काय हाय माझ्याजवळ?"

त्या दुपारी पाटी उतरली. दवाखान्याच्या नळापाशी, जिथे सगळ्या बाया डबे घासत, तिथे उल्काताईंनी साखरेची बरणी आणि चमचा ठेवला. डबा घासायचा, चमचाभर साखर घालायची, मग द्यायचा. मुक्ताईने पहिला चमचा घातला आणि आजूबाजूच्या चौघींना कोपराने ढोसलं. संध्याकाळपर्यंत कॉटखालून, पिशव्यांतून, जिन्याखालून डबे निघत राहिले.

श्रीनिवासरावांनी बरणी पाहिली. "म्हणजे आपलीच साखर, आपल्याच डब्यातून, आपल्यालाच परत. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"अजून नाही शिकवत," उल्काताई म्हणाल्या.

पण श्रीनिवासराव इतक्यात विरघळणारे नव्हते. दवाखान्यातले डबे परत येतील, मान्य. ज्यांना घरी सोडतात ते डबा गावाला नेतात, त्यांचं काय? रंगरावांना घरी सोडलं त्या दिवशी निघायच्या घाईत मुक्ताईबरोबर डबाही शिरूरला गेला होता. "असे चार-चार रोज गेले की फळ्या पुन्हा मोकळ्या," ते म्हणाले. उल्काताईंनी फळ्यांवरचे डबे पुन्हा मोजले. गावोगाव बरण्या कुठे ठेवणार?

दसरा उजाडला. शेगड्यांना झेंडूचं तोरण घातलं, झारे, पळ्या, कढया पूजेला मांडल्या. स्वयंपाकाच्या बायका पूजेला जमल्या. श्रीनिवासराव आले, आणि त्यांच्या सदऱ्याचा खिसा कुलपाने खाली ओढला गेलेला सगळ्यांना दिसत होता. उल्काताईंनी समई लावली खरी, पण वात दोनदा विझली.

इतक्यात दारात काठीचा आवाज झाला. रंगराव एसटीच्या गर्दीतून घामेघूम होऊन आले होते, आणि हातातला डबा एका बाजूने चेपला होता.

"अहो, पाय असा असताना कशाला आलात?" उल्काताई म्हणाल्या.

"तपासणी परवा हाय माझी. पर ही म्हणली, सणाला लोकाचा डबा घरात नगं. आन मोकळाबी नेऊ नगा." त्यांनी कडी काढली. एका पुडात शेंगा, एकात गूळ, आणि वरच्या पुडात आपट्याची पानं. रंगरावांनी त्यातलं एक पान काढून सगळ्यांत वडील म्हणून श्रीनिवासरावांच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या, सायेब."

श्रीनिवासरावांनी ते पान कपाळाला लावलं. मग त्यांनी खिशातलं कुलूप काढलं आणि झाऱ्याशेजारी पाटावर ठेवलं. "आणलंच आहे घरून, तर यालाही हळदकुंकू लावा," ते म्हणाले आणि रंगरावांना बसायला स्वतः खुर्ची ओढली. उल्काताईंचे डोळे भरून आले. ते त्यांनी समईच्या धुरावर ढकललं.

स्वयंपाकघर आजही चालू आहे, आणि गावाला गेलेले डबेही तपासणीच्या फेरीला काहीबाही भरून परत येतात. पुढे वाघोलीच्या कॉलेजाने उल्काताईंना बोलावलं, तेव्हा "घ्या, निघालं कॉलेज" असं म्हणून श्रीनिवासरावांनी तो चेपलेला डबा त्यांच्या हातात दिला. वर्गात तास संपताना उल्काताई डब्याचं झाकण उघडून पुढच्या बाकावर सरकवतात. आत शेंगा असतात. मुलं फस्त करतात, आणि बहुतेक वर्षी डबा दोन-तीन आठवडे परत येत नाही. मॅडम विचारत नाहीत. त्यांना धीर आहे, कारण कुमुदकाकूंचं पातेलं वड्या घालून एकदा परत गेलं, त्यानंतर वालाची उसळ घेऊन पुन्हा आलं, आणि गेला महिनाभर घासूनपुसून मॅडमच्याच फळीवर बसलं आहे.