घरच्या संगणकाला ऊन लागलं, असं आम्ही समजलो

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. धरणगावजवळच्या आमच्या गावातल्या विहिरींच्या पाण्यावर मी प्रकल्प केला होता आणि तो सगळा घरच्या संगणकात होता. दुसरीकडे कुठेही त्याची प्रत नव्हती. प्रकल्प जळगावला कॉलेजात द्यायचे दिवस जवळ आले आणि नेमका तेव्हाच संगणक रखडायला लागला.

संगणक जुनाच घेतला होता. आबा, म्हणजे माझे वडील, जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. त्यांच्या कपड्यांबरोबर कापसाचे तंतू घरभर येत. म्हणून आधी आम्ही पेटी उघडून आतला पंखा साफ केला. फरक पडला नाही. एकही फाइल उघडलेली नसताना पंखा गिरणीसारखा घोंघावायचा.

आबा म्हणाले, "त्याले ऊन लागेल शे. आपलेच लागस, त्याले लागाव नही का?"

त्या दिवसांत जळगावकडचं ऊन असं होतं की मलाही ते पटलं. आबांनी घरातला एकुलता एक कूलर संगणकाकडे वळवला. स्वतः दुपारी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात पडून राहायचे.

खरं तर दुसऱ्या खुणाही दिसत होत्या. इंटरनेट सुरू केलं की मी न उघडलेली पानं उघडत, लॉटरी लागल्याची, कसल्या कसल्या गोळ्यांची. कोपऱ्यातलं अँटिव्हायरसचं चिन्ह नाहीसं झालं होतं. मी ते बंद केलं नव्हतं. पण जुनी वस्तू आहे, असंच करणार, असं मी स्वतःला सांगत राहिलो. प्रकल्प देईपर्यंत चालली म्हणजे झालं.

आमच्या गल्लीत एक रीत होती. ट्रॅक्टरवर वाजवायला अहिराणी गाणी हवी असली, हळदीसाठी हवी असली, की लोक पेनड्राइव्ह घेऊन आमच्या ओट्यावर येत. आई चहा ठेवी, मी गाणी भरून देई. कुणाला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

एका सकाळी शेजारचे नाना ट्रॅक्टर दारात तसाच सुरू ठेवून आत आले.

"काय रे, तुन्या पेटीनी मना बठ्ठा गाना खाई टाकात!"

"नाना, कालच तर भरून दिली."

"मंग वाजत का नहीत? नवरदेवनी वरात काय मुकी काढू?"

मी त्यांचा पेनड्राइव्ह लावला. प्रत्येक फोल्डरवर छोटा बाण आला होता. दिसायला फोल्डर, पण तो नुसता शॉर्टकट. रात्रभर वीज नव्हती, त्यामुळे संगणक गार होता. तरी सुरू केल्याबरोबर पंखा घोंघावायला लागला. हे ऊन नाही, व्हायरस आहे, हे मला तेव्हा कळलं. माझा प्रकल्प त्याच पेटीत होता.

धुळ्याला इंजिनिअरिंगला असलेल्या गावातल्या मित्राला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. "कूलर? अरे, कपाळावर मिठाच्या पट्ट्या पण ठेव!" मग गंभीर झाला. "पहिलं नेट काढ. त्यावर कुठलाच पासवर्ड टाकू नको, मोबाइलवरून बदलून घे. आणि तुझा पेनड्राइव्ह कॉलेजात लावू नको, तिथे पण पसरेल. रविवारी येतो. सगळं पुसावं लागेल."

"प्रकल्प पण?"

"फाइल उघडते आहे ना? मग पडद्याचे फोटो काढून ठेव."

मी फाइल उघडली. एकेक पान यायला वेळ लागत होता. पडद्यावर उजेड चमकत होता म्हणून आई चादर धरून उभी राहिली. हात भरून आले तरी तिने चादर खाली येऊ दिली नाही. मी पान सरकवायचो, थांबायचो, मोबाइलवर फोटो काढायचो. मधेच पडदा गोठला तेव्हा आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने पान हललं.

दारात पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांना आबा परत पाठवत होते. नानांना मात्र राग आला. "मना पेनड्राइव्ह बाटेल शे का?" असं म्हणून ते निघून गेले. मी आत पुढचं पान सरकवत होतो.

रविवारी मित्राने संगणक पुसून नव्याने भरून दिला. मी मोबाइलमधले फोटो मोठे करकरून सगळा प्रकल्प पुन्हा टाइप केला. पाण्याचे तेच आकडे, तीच वाक्यं. पहिल्यांदा लिहिताना जो आनंद झाला होता, तो या वेळी अजिबात झाला नाही.

कॉलेजात सरांनी पानं चाळली. एका तक्त्यावर थांबले. "इथे दशांश चिन्ह राहिलंय." पेनने टिंब दिलं, सही केली. मला त्यांना सांगायचं होतं की हे मी दोनदा लिहिलंय. "सर, ते..." म्हणालो आणि थांबलो. मागे रांग होती.

बाहेर जिन्यावर बसलो तोच, सरांनी प्रकल्प घेतला का हे विचारायला आईचा फोन आला.

"लिधं का त्यास्नी?"

"लिधं."

"मंग जेवी ले आते."

मी हो म्हणालो आणि तिथेच मोबाइलमधले ते पडद्याचे फोटो एकेक करून बघत बसलो.