मेहुण्याचे चंबू

कॉलेजच्या रसायनशाळेचं भांडार सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे फोडकाका म्हणत. बत्तीस वर्षांत सगळ्या पोरांनी मिळून फोडली नसेल एवढी काच एकट्या काकांनी फोडली होती, आणि तीही अगदी ठरवून. नवा माल आला की चंबू उजेडात धरून बुडबुडे शोधायचे, बूड चाचपायचं, मग आत उकळतं पाणी ओतून तो थेट बर्फाच्या बादलीत घालायचा. टिकला तर आत. फुटला तर खोकं परत, आणि व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार फुकट.

त्या सकाळी पाच खोकी घेऊन आला तो काकांचा सख्खा मेहुणा. दुपारी त्याच चंबूंत चाळीस पोरं आम्ल उकळणार होती.

पहिला चंबू बादलीत फाटकन फुटला. दुसराही.

"भावोजी, मुद्दाम आपटताय तुम्ही!"

"आपटायचंच असतं तर तुझं टाळकं काय वाईट होतं? बूड कागदाएवढं पातळ, कड बोटाएवढी जाड. कुणाचा डोळा जाईल रे, गाढवा!"

मेहुण्याने कॉलर धरली. काकांनी त्याच्या कानाखाली जाळ काढला. त्याने काकांना टेबलावर असं लोटलं की लोखंडी स्टँड कोसळला आणि काकांची भुवई फाटली. विभागप्रमुख बाई दारातून ओरडल्या, "अहो, पुरे! मी घेते माल, सही करते!"

"बाई, पेन खाली!" रक्त पुसत काका गरजले.

"पक्का आहे माल! हे बघा!" म्हणत मेहुण्याने स्वतःच तिसरा चंबू उकळत्या पाण्याने भरला आणि मानेला धरून बादलीत खुपसला. चंबू मुठीतच फुटला. तळवा उभा चिरला, बादली लाल झाली.

काकांनी त्याचं मनगट आवळलं आणि चिमट्याने काच उपसायला घेतली. प्रत्येक तुकड्याला एक शिवी. मेहुणा बोंबलत होता.

"उरलेले कुठे नेशील?"

"शेजारच्या शाळेने मागितलेत," मेहुणा पुटपुटला.

काकांनी पट्टी बांधली, गाठ जरा जास्तच आवळली. मग पहिलं खोकं अंगणात उपडं करून बुटाने तुडवायला लागले. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ! मेहुणा पायरीवर बसून बघत राहिला. तिसरं खोकं संपता संपता काकांना धाप लागली, तेव्हा तो उठला, डाव्या हाताने चौथं पुढे ओढलं आणि म्हणाला, "सरका भावोजी. हे मी फोडतो."