शीलाबाईंची पन्नी

शीलाबाईंशी माझी ओळख भांडणानंच झाली. शाळेत मी नवीन होते. मधल्या सुट्टीत वांग्याच्या भाजीवर कॅरीबॅग ताणून वाटी स्टाफरूमच्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तर मागून एक हात आला आणि वाटी बाहेर! "पन्नी टेकलीय की भाजीला. तेल तापलं की वितळती ती. वांग्यासंगं पन्नी खाणार व्हय?" मी जाम चिडले. वाटी माझी, वांगं माझं, पोट माझं, तुम्ही कोण? बाई हसल्या आणि त्यांच्या पिशवीतला पातळ पारदर्शक प्लास्टिकचा रोल काढून त्याचं नवीन झाकण घालून दिलं.

बाईंच्या बोलण्यात कॅरीबॅग, दुधाची पिशवी, वह्यांचं कव्हर, सगळी पन्नीच. मायक्रोवेव्हमध्ये चालतो असं खोक्यावर छापलेला रोल तेवढा 'कामाची पन्नी'. एवढं वेड का, ते हर्सूलला त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं. त्यांच्या यजमानांचा, काकांचा, उजवा हात अर्धांगवायूनं गेलेला. अजिंठ्याच्या घाटात एसटी चालवलेला माणूस! कुणी घास भरवायला आलं की तोंड फिरवून उपाशी बसायचे. "डावा हात हाय ना अजून?" एवढंच म्हणायचे.

दुपारी बाई शाळेत, काका घरी एकटेच मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खायचे. मग सकाळीच खोल वाटीत अर्ध्यापर्यंतच मऊ खिचडी भरायच्या, म्हणजे पन्नी अन्नाला टेकत नाही. वरून कामाची पन्नी, एक कोपरा दुमडून उघडा. "वाफेला वाट पाहिजे, नाहीतर ती हातावरच येती." गरम झाल्यावर जरा थांबायचं, मग पलीकडच्या बाजूनं सोलायचं, हे काकांकडून घोटून घेतलेलं. मी म्हटलं, "बाई, सरळ ताटली झाका की." तर म्हणाल्या, "एका हातानं तापलेली ताटली उचलून बघ तू. दोन फोडल्या त्यांनी."

एकदा बाईंना परीक्षेच्या कामासाठी भल्या पहाटे निघावं लागलं. करमाडहून आलेल्या जावेला त्यांनी फोनवर सांगितलं, "ह्यांच्या खिचडीवर पन्नी लावून ठेव." त्या बिचारीनं भाजी आणलेली पन्नी घेतली, वाटीवर घट्ट ताणली आणि गच्च गाठ मारली. दुपारी काकांनी मेलेल्या उजव्या हाताचा टेकू देऊन डाव्या हातानं गाठ ओढली. सगळी वाफ उजव्या हातावर. त्यांना कळलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं बाई घरी आल्या तेव्हा मनगटापर्यंत फोड आलेले आणि काका वितळलेली पन्नी बाजूला सारत खिचडी खात बसलेले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाई पदर तोंडाला लावून रडल्या. "जावंची काय चूक? मीच सगळ्याला पन्नी म्हणती. माझ्या जिभेनं भाजलं गं त्यांना." त्यानंतर ती वाटी त्यांनी दुसऱ्या कुणाला भरू दिली नाही. ताप असो, पाहुणे असोत. जाऊ म्हणायची, "बाहेरगावच्या पोराचं लग्न करून सून आणा आता." बाई म्हणायच्या, "सून भरवील. मला त्यांनी आपल्या हातानं खाल्लेलं पाहिजे."

यंदा उन्हाळ्यात बाई वर्गात खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं. मला अजून राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बाईंच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, हर्सूलला गेले. बुद्धवंदना झाली, माणसं जेवून उठली. काका मात्र कोपऱ्यात, तसेच उपाशी. मी स्वयंपाकघरात गेले. खोल वाटी घेतली, खिचडी अर्ध्यापर्यंत भरली, बाईंच्याच रोलची पन्नी लावली, कोपरा दुमडला. गरम करून, जरा थांबून, त्यांच्यापुढं ठेवली. डाव्या हाताशी चमचा ठेवला आणि मुद्दाम मागं सरून बसले.

काकांनी वाटी जवळ ओढली. डावा हात उचलला. वाटलं, आता पन्नी सोलतील. त्यांनी चमचा उचलला आणि माझ्याकडं सरकवला.

"तूच भरव पोरी," म्हणाले, आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं.