नाव लिहायचं नाही

हिंदी मुलखातल्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यातलं महिला मंडळ म्हणजे साठी उलटलेल्या मराठी बायकांनी भजन म्हणायचं, चिवडा खायचा आणि सुनांची उणीदुणी काढायची जागा. तिथे एकदा पीएचडी करणारी एक मुलगी आली. आपल्यातलीच, पण अर्ध्या वाक्यानंतर हिंदीत शिरणारी. म्हाताऱ्या बायकांना घरात कसं वागवतात, याचा तिला अभ्यास करायचा होता.

प्रश्नांचे कागद वाटण्याआधी तिनं सगळं नीट समजावलं. नाव लिहायचं नाही. सक्ती नाही, मधेच सोडलं तरी चालेल. तुमचे शब्द मी वापरेन, पण ते कोणाचे हे मलाही कळणार नाही. म्हणूनच एकदा कागद पेटीत पडला की तो परत मागता येणार नाही.

“मंजूर है ना, काकू?” तिनं मला विचारलं.

मला हसूच आलं. लग्न ठरवताना, नोकरी सोडायला लावताना, घर मुलाच्या नावावर करून घेताना मला कोणी असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “हव.”

‘घरात कोणी हात उगारतं का?’ या प्रश्नापुढे ‘हो’वर खूण केली आणि खाली लिहिलं. मुलानं मला ढकललं होतं. दूध उतू गेलं, एवढंच निमित्त. मनगट मोडलं. दवाखान्यात तोच घेऊन गेला आणि मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरला म्हणाला, बाथरूममध्ये घसरली. मग शेजारणीला, लेकीला, मंडळातल्या बायकांना मीही तेच सांगितलं. कागद पेटीत टाकून घरी आले आणि त्याच्यासाठी पोळ्या लाटल्या.

काही महिन्यांनी ती मुलगी काय आढळलं ते सांगायला आली. बोलता बोलता तिनं वाचलं, “एक काकू लिहितात, मुलानं ढकललं, पण लोकांना सांगितलं की बाथरूममध्ये घसरले.”

हे तर माझंच! माझं प्लास्टर सगळ्यांनी पाहिलेलं. आता सगळ्या वळून बघणार, संध्याकाळपर्यंत मुलाच्या कानावर जाणार, आणि मला रात्री निजायला तेच घर. दुसरं आहे कुठे? त्या पोरीचा असा संताप आला! नाव गाळलं की माणूस लपतं, हे हिला कोणत्या शहाण्यानं शिकवलं?

मी मान खाली घालून बसले. शेवटी धीर करून वर पाहिलं, तर माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. खुबा मोडलेली माझी शेजारीण पदर तोंडाशी धरून बसली होती. पुढचे दोन दात गेलेली एकजण खिडकीबाहेर पाहत होती. त्याही बाथरूममध्येच घसरल्या होत्या. मी केळी घेऊन भेटायला गेले होते आणि फरशीवर रबरी चटई टाका असंही सांगून आले होते.

चहा झाला. मी दारात चपला घालत होते, तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनी त्या मुलीला बाजूला घेतलं. मंडळात सगळ्यांवर डाफरणारी बाई, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

“काहून व पोरी,” त्या म्हणाल्या, “मी तर ‘नाही’वर खूण केली होती. मग माझं हे तुले कोणी सांगून दिलं?”